टीव्ही आला, टॅब आले. आता वाचायला कसं शिकवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका खेड्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून १९ मुलं, आम्ही दोघी शिक्षिका. यंदा शाळेला एक स्मार्ट टीव्ही आणि दोन टॅब मिळाले. पहिली-दुसरीला वाचायला-लिहायला शिकवताना ते कसे वापरायचे? कोणती अ‍ॅप घ्यावीत? नेट धड येत नाही. बरीच मुलं घरी कोकणी बोलतात, चौघांच्या घरी कन्नड. पालक म्हणतात, मोबाइलनं पोरं आधीच बिघडलीत, आता शाळेतही तेच का?"

अ‍ॅपचं नंतर बघू. आधी माझी एक फजिती सांगते, म्हणजे पुढचं मी असं का सांगतेय ते कळेल.

आमच्या शाळेत पहिल्यांदा प्रोजेक्टर आला तेव्हा मी बाराखडीच्या गाण्याची एक चित्रफीत मिळवली. रंगीत अक्षरं, नाचणारा हत्ती, ठेका तर असा की माझेही पाय हलायचे. रोज सकाळी लावायची. पंधरा दिवसांत पहिलीचा अख्खा वर्ग 'क का कि की' हात उडवत म्हणायला लागला. तपासणीला आलेले साहेब खूश, पालक खूश, मी तर खूशच. मग एका मुलीला पुस्तकातला 'कुदळ' हा शब्द वाचायला दिला. तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि ओठातल्या ओठात सुरू झाली: क, का, कि, की, कु. पाचव्या पायरीला थांबून मोठ्यानं म्हणाली, "कु!" प्रत्येक अक्षराला ती तळापासून शिडी चढत होती. चित्रफीत तोवर 'त'पर्यंतच पोचली होती. पुढे 'द' आला आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मुलांना गाणं आलं होतं, वाचन आलं नव्हतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. प्राथमिक शाळेत २६ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही शिक्षकांच्या प्रशिक्षणात गेली. या काळात रेडिओ, टेपरेकॉर्डर, सीडी, संगणक, प्रोजेक्टर, टॅब असं सगळं वर्गात येताना पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं कपाटात जातानाही पाहिलं. नवीन काही आलं की मी एवढंच बघते, ते चालू असताना मुलाचं तोंड, बोट किंवा पेन्सिल हलतेय का? तिन्ही थंड असतील आणि नुसते डोळे पडद्याला चिकटले असतील, तर ती करमणूक समजायची. करमणुकीशी माझं वैर नाही. शनिवारी शेवटच्या तासाला खुशाल लावा. वाचनाच्या तासात मात्र ती मोजू नका.

या हिशेबानं बघितलं तर तुमच्याकडच्या सगळ्या सामानात सर्वांत कामाच्या गोष्टी दोन आहेत. दोन्ही टॅबमध्ये फुकट येतात, त्यांना नेट लागत नाही आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आवाज टिपणारा रेकॉर्डर आणि कॅमेरा.

रेकॉर्डरचं काम असं. सकाळी प्रार्थना झाली की पहिलीच्या मुलांना गोल बसवा. एकीला विचारा, काल घरी काय केलं? ती म्हणेल, "म्हजे आजयेन काल पातोळ्यो केल्यो." हे वाक्य टॅबवर टिपा आणि लगेच सगळ्यांना ऐकवा. मुलं हसतात, पुन्हा लावा म्हणतात. लावा. मग टॅब टीव्हीला जोडून कोऱ्या पानावर तेच वाक्य सगळ्यांच्या देखत टाइप करा, एकेक शब्द म्हणत. अक्षर भलं मोठं, एका ओळीत चार-पाच शब्दांहून जास्त नकोत. मग आवाज परत लावायचा आणि ज्या मुलीचं वाक्य आहे तिनं नारळाच्या हिरानं शब्दाशब्दाखाली दाखवत जायचं. पहिल्या दिवशी हीर आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. आवाज 'केल्यो'वर पोचलेला असतो आणि हीर अजून 'काल'पाशी. हा मेळ बसवणं हाच तर वाचनाचा पाया आहे. बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'म्हजेआजयेनकाल' असं एकसंध ऐकू येतं. एक शब्द संपतो कुठे आणि दुसरा सुरू होतो कुठे, ते त्याला पहिल्यांदा कागदावर किंवा पडद्यावर दिसतं. स्वतःच्या वाक्यात ते जितकं चटकन दिसतं तितकं पुस्तकातल्या 'कमल नमन कर'मध्ये दिसत नाही, कारण ते वाक्य कुणीच कधी बोललेलं नसतं.

इथे आपल्या शिक्षकांचा हात शिवशिवतो. 'म्हजे आजयेन' कसलं, 'माझ्या आजीने' लिहा! जरा थांबा. आधी मुलगी जे बोलली तेच लिहा. मग खालच्या ओळीत लिहा: 'माझ्या आजीने काल पातोळ्या केल्या.' दोन्ही ओळी पडद्यावर राहू द्या आणि विचारा, वर आणि खाली सारखं काय दिसतं? 'काल' लगेच सापडतो. मग कुणाला 'पातोळ्यो' आणि 'पातोळ्या' यांच्यात फक्त शेवटची मात्रा वेगळी दिसते. एका चुणचुणीत मुलानं मला एकदा सांगितलं होतं, "बाई, मराठीत 'यो'चं डोकं उडालं." काना-मात्रेचा याहून चांगला धडा मी शिकवलेला नाही. गोव्याच्या राजभाषा कायद्यावरून, कोकणी की मराठी म्हणून, १९८७पासून मोठ्यांनी जो काय वाद घालायचा तो घालावा. पहिलीच्या मुलाच्या सोयीची गोष्ट ही की दोन्ही भाषा एकाच देवनागरीत बसतात, आणि तिथे शिकलेलं अक्षर इथे चालतं.

कन्नड घरातल्या मुलांचंही तसंच करा. केळ्याचं चित्र दाखवल्यावर मूल 'बाळेहण्णु' म्हणालं तर तोही शब्द देवनागरीत लिहा, शेजारी 'केळं' आणि 'केळें'. आपला घरचा शब्द पडद्यावर उमटतो हे पाहिल्यावर वर्षभर गप्प बसलेलं पोर बोलायला लागलेलं मी पाहिलं आहे. रेकॉर्डरमुळे दुसरा फायदा तुमचा. मूल नेमकं काय बोललं ते तुम्ही दुपारी शांतपणे परत ऐकू शकता. वर्गाच्या गोंगाटात आपल्याला जे चुकीचं वाटतं ते पुष्कळदा दुसऱ्या भाषेतलं बरोबर असतं.

बोलून टाइप करण्याची सोय यासाठी वापरू नका, निदान पहिली-दुसरीत नको. लहान मुलाचा आवाज आणि त्यात आपला गोव्याकडचा हेल, यंत्र गोंधळतं. माझ्यासमोर एका मुलानं 'माटोळी' म्हटलं, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगतात ती फळांची आरास, आणि पडद्यावर 'माझी टोळी' आलं. वर्ग खिदळला, पण त्या पोराचा चेहरा पडला. आपण चुकीचं बोललो असंच त्याला वाटलं.

माटोळीवरून कॅमेऱ्याकडे वळते. दरवर्षी चवथीच्या सुट्टीनंतर मुलं शाळेत येतात ती डोक्यात माटोळी घेऊनच. एका वर्षी मी सुट्टीआधीच पालकांना निरोप दिला होता की घरच्या माटोळीचे दोन-तीन फोटो काढून पाठवा. ज्यांच्याकडे माटोळी नसते त्यांना सांगितलं, अंगणातल्या झाडाचे, स्वयंपाकघराचे, आठवड्याच्या बाजाराचे, जे आवडेल त्याचे पाठवा. फोटो टीव्हीवर लावले आणि नावं विचारत गेले. कांगलां, माट्टी, कवंडळ, आंबाडे, सुपारीची शिपटी, चिबूड, निरफणस. मी शहरात वाढलेली, मला त्यातली तीन फळं ओळखता आली नाहीत. मुलं मला शिकवत होती. प्रत्येक फोटोखाली एक नाव टाइप केलं, एका पानाला एक फोटो, आणि पीडीएफ करून झेरॉक्सच्या दुकानातून काळ्या-पांढऱ्या प्रती काढल्या. वाचनाचं ते आमचं पहिलं पुस्तक. 'कवंडळ'मध्ये अनुस्वारही आहे आणि ळसुद्धा, पाठ्यपुस्तकाच्या क्रमानं हे अक्षर फार उशिरा येतं. पण मुलांनी तो शब्द पहिल्याच दिवशी ओळखला, कारण तो आधी त्यांच्या तोंडात होता. ओळखीच्या शब्दातून अक्षर सुटं करायचं, मग त्या अक्षरापासून नवा शब्द बांधायचा. 'कवंडळ'मधला 'व' घेतला, 'आंबाडे'मधला 'डे' घेतला, आणि 'वडे' तयार. हा खेळ फळ्यावर आणि चिठ्ठ्यांवर खेळा. त्याला टीव्ही लागत नाही.

तयार पुस्तकं हवीत तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. २०१५पासून चालू आहे. मराठीत भरपूर गोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या. खुल्या परवान्याच्या असल्यानं उतरवून घेता येतात, छापता येतात, बदलताही येतात. पहिल्या पातळीतली एखादी गोष्ट घ्यायची आणि मुलांना विचारून तिच्यातले शब्द आपल्याकडचे करायचे. मोठी पुस्तकं परवडत नसलेल्या शाळेत टीव्ही हाच मोठं पुस्तक होतो. सगळ्यांना एकच पान दिसतं, तुम्ही बोट फिरवत वाचता आणि मध्ये थांबून विचारता, आता काय होईल? पान उलटायचं काम रोज एका मुलाला द्या. गोष्ट आपोआप पुढे सरकणाऱ्या चित्रफितीपेक्षा हे कितीतरी बरं, कारण थांबायचं कधी ते तुमच्या हातात राहतं.

चित्रफितीला एक अपवाद मी करते. गाण्याचे शब्द त्याच भाषेत खाली उमटत असतील आणि गायल्या जाणाऱ्या शब्दाचा रंग बदलत असेल, तर ती कामाची. ब्रिज कोठारी यांनी ही कल्पना १९९६मध्ये अहमदाबादच्या आयआयएममध्ये मांडली आणि १९९९मध्ये गुजराती दूरदर्शनच्या चित्रगीतांवर ती वापरून पाहिली. ज्यांना थोडंफार वाचता येतं ते गाणं बघताना नकळत खालचे शब्द वाचतात. पुढचा शब्द काय येणार हे गाण्यामुळे ठाऊक असतंच, डोळे तो पडताळून बघतात. आमच्या वर्गात मी हे फुगडीच्या गाण्यांवर केलं. चौथीच्या मुली गायल्या, टॅबवर टिपलं, आणि एका ओळीला एक सरकपट्टी (स्लाइड) अशी साधी मांडणी केली. रंग बदलायचं तंत्र मला जमलं नाही, हीरच फिरवला. आरत्या मुलांना फुगडीहून जास्त पाठ असतात, घुमट या वाद्याचा ठेका धरला की थांबत नाहीत. पण आरत्यांत जोडाक्षरांची गर्दी फार, आणि वर्गात सगळ्यांच्या घरी आरती होते असंही नाही. फुगडीत सगळे येतात. बाराखडीच्या गाण्याशी याची गल्लत करू नका. तिथे ठरलेला क्रम पाठ होतो. इथे अर्थ असलेली ओळ आहे आणि ती कुठूनही सुरू करून वाचायला सांगता येते. मधली ओळ दाखवून 'ही कोणती?' असं विचारल्याशिवाय तास संपवू नका, नाहीतर माझ्या हत्तीसारखं व्हायचं.

आता लिहिण्याकडे. टॅबवर बोटानं अक्षर गिरवायची अ‍ॅप मिळतात, ती मला आवडत नाहीत. काच गुळगुळीत असते, बोटाला काहीच अडत नाही. शिवाय मी पाहिलेल्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये मुलानं अक्षर खालून वर काढलं तरी चांदणी मिळायची. रेती, पाटी, खडू, पेन्सिल हेच बरं. पण दुसरीच्या शेवटापासून मराठी कळफलकावर टाइप करायला द्या. यात एक गंमत आहे आणि मला ती वाचनाच्या शिक्षणात फार मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या लिपीत बोलण्याचा क्रम आणि हाताचा क्रम नेहमी सारखा नसतो. 'कि' म्हणताना आधी क येतो, मग इ. लिहिताना बहुतेक मुलं आधी वेलांटी काढतात आणि मग क. त्यामुळे 'किती' लिहिताना कुणी आधी दोन काठ्या उभ्या करतं आणि मग क कुठे बसवू म्हणून शोधत बसतं. कळफलकावर मात्र क आधी दाबावा लागतो, वेलांटी मागून येते आणि मग उडी मारून पुढे जाऊन बसते. कानाला ऐकू येतो तोच क्रम. 'सूर्य' टाइप करून दाखवा: स, दीर्घ ऊकार, र, पाय मोडायची कळ, य. र सरळ बसलेला असतो, पाय मोडतो, आणि य दाबल्याबरोबर टुणकन य च्या डोक्यावर जातो. मग 'चक्र' करा: च, क, पाय मोडायची कळ, र. आता र क च्या पायाशी. मी एवढंच करून दाखवलं आणि गप्प बसले. तिसरीतल्या एका मुलानं नियम सांगितला: "आधी म्हटला तर डोक्यावर, मागून म्हटला तर पायाशी." रफार आणि रकार यांवर मी वर्षानुवर्षं फळ्यावर जे घसा कोरडा करून सांगितलं ते एवढंच होतं.

पुढची पायरी म्हणजे 'दर्या' आणि 'दऱ्या'. आपल्याकडे दोन्ही आहेत, मांडवीच्या मुखाशी एक आणि तुमच्या म्हादईच्या खोऱ्यात दुसऱ्या. पहिल्यात र चा उच्चार मागच्या अक्षराला आघात देतो, दुसऱ्यात देत नाही. टाइप करतानाही दोन्हींचे र वेगळे घ्यावे लागतात. मुलांना आधी मोठ्यानं म्हणायला लावा, मग टाइप करू द्या, मग वहीत लिहायला सांगा. हाच क्रम ठेवा. टाइप करून थांबलात तर हस्ताक्षर मागे पडतं.

जाता जाता फाँटचं. टॅबमध्ये बहुधा हिंदी वळणाचे ल आणि श येतात, पाठ्यपुस्तकात मराठी वळणाचे असतात. मोठ्यांना फरक जाणवत नाही. नव्यानं वाचणारं मूल मात्र दोन वेगळी अक्षरं समजतं. टॅबची भाषा मराठी करून बघा, काही फाँटमध्ये तेवढ्यानं अक्षर बदलतं. नाहीच बदललं तर दोन्ही रूपं शेजारी लिहून एकदा सांगून टाका.

वाचनाच्या वेगाविषयी तुम्ही विचारलेलं नाही, पण वरून विचारणा होईलच. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१मध्ये सुरू झालं. त्याच्या लक्ष्यांत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं धरलं आहे. हे मोजायला रेकॉर्डर उत्तम. मुलाचं एक मिनिटाचं वाचन टिपा आणि घरी ऐकत बरोबर वाचलेले शब्द मोजा. मूल समोर बसलेलं असताना घड्याळ लावून मोजू नका, त्याची जीभ अडखळते. मात्र आकडा डोळे झाकून घेऊ नका. हिंदीत 'घर में से' हे तीन शब्द होतात, आपल्याकडे 'घरातून' हा एकच. 'शाळेजवळच्यासारखं' हाही मराठीत एकच शब्द. त्यामुळे मिनिटाला तितकेच शब्द वाचणाऱ्या मराठी मुलानं अक्षरं जास्त वाचलेली असतात. एनसीईआरटीनं २०२२च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांसाठी वेगवेगळे मापदंड काढले ते अशा फरकांसाठीच. आकड्यापेक्षा मला जूनचं आणि फेब्रुवारीचं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकणं जास्त उपयोगाचं वाटतं. मुलाला ऐकवा. "मी असं वाचायचो?" म्हणून ते स्वतःच हसतं.

अ‍ॅप. गूगलचं रीड अलाँग मराठीत आहे. २०१९मध्ये ते 'बोलो' नावानं आलं होतं. मूल मोठ्यानं वाचतं आणि अ‍ॅप ऐकून अडलेला शब्द म्हणून दाखवतं, म्हणजे तोंड हलतं. गोष्टी आधी उतरवून ठेवल्या की नेट नसलं तरी चालतं. पण बोलून टाइप करताना जे होतं ते इथेही थोडंफार होतं, म्हणून सुरुवातीला मुलाशेजारी बसा आणि अ‍ॅप चुकलं तर तसं मुलाला सांगा. दीक्षा या सरकारी संकेतस्थळावर आणि बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवर मराठी साहित्य बरंच आहे. त्यातलं निवडून तालुक्याच्या ठिकाणी नेट मिळेल तेव्हा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. एवढं पुरे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून गोष्टी लिहून घेणारे शिक्षक आता भेटतात. मला दाखवलेल्या गोष्टींची मराठी सपक होती आणि प्रत्येकीच्या शेवटी बोध. आजीची गोष्ट रेकॉर्ड करून आणा, ती चविष्ट असते.

नुसती यंत्रं वाटून वाचन येत नाही, हे आपल्याआधी दुसऱ्यांनी पैसे घालून बघितलं आहे. पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना एकेक लॅपटॉप दिला. २०१२मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नव्हता. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक अहवालाचा सूरही असाच सावध आहे. पुढच्या बैठकीत कुणी 'आता टॅब आले, निकाल कुठे?' असं विचारलं तर हे सांगायला उपयोगी पडेल. तुमच्याकडे १९ मुलांमागे दोन टॅब आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. पाच मुलं एका टॅबभोवती असली की एक वाचतं, चार चुका काढतात, आणि चुका काढायला वाचावंच लागतं. मी दोन टॅबचे दोन गट करायचे, गटात एक चौथीतलं मूल ठेवायचे, आणि बाकीच्यांबरोबर स्वतः फळ्यावर बसायचे. दीड तासाच्या भाषेच्या वेळात पडद्याची दहा-बारा मिनिटं, फार तर पंधरा.

पालकांचं म्हणणं खोटं नाही. हातात मोबाइल दिल्यावर मूल तासभर काय बघतं ते त्यांना रोज दिसतं. त्यांच्याशी वाद घालू नका, शाळेत बोलवा. टॅबवर मूल स्वतःचं वाक्य वाचतंय हे दहा मिनिटं बघितलं की निम्मं काम होतं. गृहपाठ म्हणून मी एवढंच सांगायचे: आजीला नाहीतर आईला रोज एक पान वाचून दाखव, आठवड्यातून एकदा त्यातलं अर्धं मिनिट मला आवाजात पाठव. फोन बाबांबरोबर कामावर जातो, तेव्हा संध्याकाळी सातनंतर. रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसायची वेळ २०२०मध्ये आपल्या मुलांवर आली होती, ती परत कुणावर आणू नका. आवाज दुसऱ्या दिवशी पोचला तरी काही बिघडत नाही.

आणि माझी दुसरी चूक तुम्ही करू नका. एका वर्षी उत्साहाच्या भरात मी मुलांच्या वाचनाचे तुकडे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. कौतुक व्हावं हाच हेतू. दुसऱ्या दिवशी एक आई शाळेच्या पायरीवर उभी. तिचा मुलगा अडखळत वाचायचा आणि ते वाड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. ती ओरडली नाही. "बाई, ताका आतां शाळेंत येवपाक नाका," एवढंच म्हणाली. त्या मुलाला परत आणायला मला तीन वेळा घरी जावं लागलं. तेव्हापासून मुलाचा आवाज मूल, त्याचे आईबाप आणि मी यांच्यापुरताच. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घालून दिलेली आहेच. वर्षाच्या सुरुवातीला पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एका कागदावर सह्या घ्या आणि वर्ष संपलं की रेकॉर्डिंग पुसून टाका. जूनचं आणि फेब्रुवारीचं पालकांना हवं असेल तर त्यांच्या फोनवर देऊन मग पुसा.

राहिला तुमचा पाऊस. जुलैत पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या की रेकॉर्डर निकामी, मुलाचा आवाज मुळी सापडतच नाही. इयरफोनचा माइक तोंडाशी धरून बघा, थोडं साधतं. नाहीतर सर ओसरेपर्यंत पाटीवर लिहा. वीज जातेच, म्हणून टॅब रोज घरून भरून आणा आणि टीव्हीवर अवलंबून असलेला तास मनात धरू नका. टीव्ही भिंतीवर फार उंच टांगू देऊ नका. बसवणारे लोक चोरीच्या भीतीनं छतापाशी नेतात आणि मग पहिलीच्या मुलाचा हीर तिथवर पोचत नाही. बाकावर उभं राहून पोचेल एवढी उंची सुताराला खडूनं खूण करून दाखवा, आणि तो बसवत असताना तिथेच उभ्या राहा.